विंडोज सर्व्हर २०२२ वर ग्राफिक्स कार्ड खरोखर कामाला लावताना

विंडोज सर्व्हर २००३ च्या काळात ग्राफिक्स कार्डाला कामाला लावणं एका सरकपट्टीचं काम होतं. डिस्प्ले प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, ट्रबलशूट या वाटेनं गेलं की 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' समोर यायचं. पट्टी 'फुल'पर्यंत ओढायची, डीएक्सडायग हे तपासणीचं साधन उघडून डायरेक्टड्रॉ आणि डायरेक्टथ्रीडी या चित्र काढण्याच्या सोयी चालू करायच्या, झालं. सर्व्हरसमोर बसून कोणी चित्रं बघत नाही आणि ग्राफिक्स ड्रायव्हरला जितकं कमी काम तितकी मशीन स्थिर, असा हिशेब धरून ती पट्टी मुळात खाली ओढलेली असे. सर्व्हर २०२२ मध्ये पट्टी नाही, हिशेब मात्र तोच आहे. फक्त तो आता फर्मवेअर (बायोस), ड्रायव्हर, सेशनची म्हणजे प्रत्येकाच्या रिमोट बैठकीची पॉलिसी, एन्कोडर (चित्र दाबून पाठवणारा भाग) आणि प्रत्यक्ष प्रोग्राम अशा पाच जागी विखुरलेला आहे. यातली एक कडी सुटली तरी पडद्यावर एरर येत नाही. सगळं चालतं, पण प्रोसेसरवर चालतं. कार्ड थंड बसून राहतं आणि लोक म्हणतात, 'कार्ड घातलं तरी फरक नाही.'

इथे ज्या रचनेबद्दल लिहिलं आहे ती अशी: दोन सॉकेटचा टॉवर सर्व्हर, त्यावर सर्व्हर २०२२ स्टँडर्ड, एनव्हीडियाचं आरटीएक्स ए४००० कार्ड, आणि टेबलांवरच्या साध्या पीसींवरून रिमोट डेस्कटॉपनं येणारी मंडळी. कामं म्हणजे कॅडची ड्रॉइंग, क्यूजीआयएसमधले नकाशे, थोडं थ्रीडी.

कार्ड निवडतानाच निम्मं काम होतं किंवा बिघडतं. ए४००० ला १६ जीबी मेमरी आहे, जाडी एकाच स्लॉटची, वीज १४० वॅट, स्वतःचा पंखा आणि ६ पिनांची एक पॉवर केबल. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट आणि ६ पिनांतून ७५, म्हणजे १५० च्या आत हिशेब बसतो. रॅकच्या २-यू पेटीत जादा पॉवर केबल नसेल तर टी१००० बरं: ५० वॅट, सगळी वीज स्लॉटमधून, उंचीही अर्धी. मात्र सर्व्हरचे सगळे स्लॉट ७५ वॅट देत नाहीत. आठ लेनचे काही स्लॉट २५ वॅटवरच थांबतात. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये रायझरच्या (ज्या पट्टीवर स्लॉट असतात तिच्या) तक्त्यात हे लिहिलेलं असतं, ते कार्डाची ऑर्डर देण्याआधी वाचावं. दोन सॉकेटच्या बोर्डावर दुसरा प्रोसेसर बसवलेला नसेल तर त्याच्या वाट्याचे स्लॉट मेलेलेच असतात. त्यात कार्ड घातलं तर पंखाही फिरेल, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये काही उगवणार नाही.

जुन्या बाजारात टेस्ला मालिकेची कार्डं स्वस्तात मिळतात आणि मेमरीचा आकडा बघून मोह होतो. पी४० म्हणजे २४ जीबी, टी४ म्हणजे १६ जीबी आणि फक्त ७० वॅट. अडचणी तीन. एक, या कार्डांना पंखा नाही, ती पेटीच्या आरपार जाणाऱ्या हवेवर जगतात. टॉवरमध्ये घातली तर काही मिनिटांत तापून स्वतःचा वेग उतरवतात. दोन, पी४० सारख्या २५० वॅटच्या कार्डाला ८ पिनांचं जे सॉकेट असतं ते नेहमीच्या ग्राफिक्स कार्डाचं नसून प्रोसेसरच्या पॉवर केबलच्या जातीचं असतं. प्रोसेसरच्या केबलमध्ये १२ व्होल्टच्या चार आणि ग्राउंडच्या चार तारा, तर ग्राफिक्सच्या केबलमध्ये १२ व्होल्टच्या तीन आणि ग्राउंडच्या पाच, त्याही उलट ओळीत. जोर लावून चुकीची बसवली तर सरळ शॉर्ट. तीन, ही कार्डं मुळात टीसीसी नावाच्या गणनेच्या मोडमध्ये येतात. त्या मोडमध्ये विंडोजच्या लेखी ते डिस्प्ले कार्डच नसतं, त्यामुळे डायरेक्टएक्स, म्हणजे विंडोजची ग्राफिक्सची व्यवस्था, त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ग्राफिक्ससाठी त्यांना डब्ल्यूडीडीएम या विंडोजच्या नेहमीच्या ग्राफिक्स मोडमध्ये आणावं लागतं, आणि त्यासाठी एनव्हीडियाचा व्हीजीपीयूचा (एक कार्ड अनेकांत वाटण्याच्या सोयीचा) ड्रायव्हर व लायसन्स लागतं. स्वस्त कार्ड तिथे महाग पडतं.

जीफोर्सचं काय? तांत्रिकदृष्ट्या ती पुष्कळदा चालतात. पण ड्रायव्हरच्या यादीत त्यांच्यासाठी विंडोज सर्व्हर हा पर्याय नसतो, आणि त्या ड्रायव्हरचं लायसन्स डेटासेंटरमधल्या वापराला परवानगी देत नाही. ऑफिसात टेबलाखाली ठेवलेला सर्व्हर म्हणजे डेटासेंटर का, हा वाद ज्यानं त्यानं घालावा. दहा माणसांचं काम ज्यावर उभं आहे तिथे व्यावसायिक कार्डच घालावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बोर्डावर आधीच एक छोटी व्हिडिओ चिप असते, ॲस्पीडची किंवा मॅट्रॉक्सची जी२००. तिचं काम सर्व्हरच्या रिमोट कन्सोलला चित्र पुरवणं, एवढंच. तिला थ्रीडीचा गंध नाही. नवीन कार्ड घातल्यावर बायोसमध्ये तीन गोष्टी बघायच्या. पहिली 'अबव्ह फोर जी डिकोडिंग'. काही बोर्डांवर तिचं नाव 'मेमरी मॅप्ड आयओ अबव्ह ४ जीबी' असं असतं. ती चालू हवी. मोठ्या मेमरीच्या कार्डाला पत्त्यांची बरीच जागा लागते. ती ४ जीबीच्या खाली मिळाली नाही की डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १२ येतो, 'पुरेशी मोकळी संसाधनं सापडत नाहीत'. हा कोड दिसला की ड्रायव्हर पुन्हापुन्हा घालत बसू नये, बायोसकडे जावं. दुसरी, बूट यूईएफआयमधूनच (बायोसच्या नव्या पद्धतीनं) व्हायला हवं. तिसरी, बोर्डावरची चिप बंद करू नये. सेटिंगमध्ये प्राथमिक डिस्प्ले 'ऑनबोर्ड' की 'ऑफबोर्ड' असा पर्याय असतो, तो 'ऑनबोर्ड'च ठेवावा. 'ऑफबोर्ड' केलं की रिमोट कन्सोल काळं पडतं, आणि मध्यरात्री सर्व्हर बूट होत नसेल तर त्याच्यासमोर मॉनिटर घेऊन बसावं लागतं.

सर्व्हर बसवताना पहिल्याच पडद्यावर जो पर्याय निवडतो तो कायमचा. नुसतं 'स्टँडर्ड' घेतलं तर सर्व्हर कोअर बसतो, 'स्टँडर्ड (डेस्कटॉप एक्सपिरियन्स)' घेतलं तर खिडक्या असलेला. २०१२ मध्ये डेस्कटॉप एक्सपिरियन्स नंतर फीचर म्हणून जोडता यायचं. २०१६ पासून ती सोय गेली, आता एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी पुन्हा बसवणं हाच मार्ग.

ड्रायव्हर एनव्हीडियाच्या साइटवरून घ्यावा. कार्डाची मालिका निवडून ऑपरेटिंग सिस्टममध्ये विंडोज सर्व्हर २०२२, आणि शाखांमधून 'प्रॉडक्शन ब्रँच'. बसवताना 'कस्टम' घेऊन 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण करावी. एचडी ऑडिओ ड्रायव्हरची सर्व्हरवर गरज नाही, तो वगळला तरी चालतो. इथपर्यंत डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' असं जे दिसत होतं त्याच्या जागी कार्डाचं खरं नाव यायला हवं. बोर्डावरच्या चिपपुढे मात्र 'बेसिक'च राहील, ते ठीक आहे. कोड ४३ आला तर ड्रायव्हरनंच कार्डात बिघाड असल्याचं कळवलं आहे असा अर्थ. आधी पॉवर केबल नीट बसली आहे का ते बघा, मग दुसरा स्लॉट, मग दुसरा ड्रायव्हर.

प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स वापरायचं असेल तर वेगळीच भिंत आडवी येते. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये कोणत्या विंडोजवर तो बसेल हे लिहिलेलं असतं आणि त्यात एक आकडा 'प्रॉडक्ट टाइप'चा असतो: १ म्हणजे वर्कस्टेशन, २ म्हणजे डोमेन कंट्रोलर, ३ म्हणजे सर्व्हर. फाइलमध्ये फक्त १ लिहिला असेल तर तोच कर्नल, तीच चिप असूनही सर्व्हरवर ड्रायव्हर नकार देतो. तो आकडा खोडला की ड्रायव्हर बसतो असं बरेच जण सांगतात, आणि ते खरंही आहे. पण फाइलला हात लावताच तिची डिजिटल सही मोडते. मग सही तपासणी बंद करा, सिक्युअर बूट बंद करा, अशी रांग लागते. घरच्या प्रयोगाच्या मशीनवर हवं ते करा, लोकांचा डेटा असलेल्या सर्व्हरवर नको.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: कुठलाही रोल (सर्व्हरला नेमून दिलेलं काम) बसवण्याआधी एकदा मोजून घेणं. ॲडमिन म्हणून रिमोट डेस्कटॉपनं आत या, कमांड प्रॉम्प्टवर एनव्हीडिया-एसएमआय हे कार्ड तपासण्याचं साधन चालवा. ड्रायव्हर मॉडेलच्या रकान्यात डब्ल्यूडीडीएम दिसलं पाहिजे. खालच्या प्रोसेसच्या यादीत डीडब्ल्यूएम (डेस्कटॉपच्या खिडक्या रंगवणारा), एक्सप्लोरर वगैरे नावं येतील आणि मेमरीच्या जागी 'एन/ए' दिसेल. ते 'एन/ए' म्हणजे बिघाड नाही. डब्ल्यूडीडीएममध्ये मेमरीचं वाटप विंडोज स्वतः करते, म्हणून ड्रायव्हरला प्रत्येक प्रोसेसचा आकडा सांगता येत नाही. तो टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबवर 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' हा रकाना जोडून मिळतो. तसंच रिमोट सेशनमधून एनव्हीडियाचं कंट्रोल पॅनल उघडलं तर 'एनव्हीडिया जीपीयूला जोडलेला डिस्प्ले तुम्ही वापरत नाही' असा संदेश येतो. तोही बरोबरच आहे, कारण रिमोट डेस्कटॉप स्वतःचा आभासी डिस्प्ले तयार करतो. कार्डाला मॉनिटर किंवा (मॉनिटर असल्याचं भासवणारा) डमी प्लग लावायची गरज रिमोट डेस्कटॉपला नसते. कन्सोलचंच चित्र पकडणाऱ्या व्हीएनसीसारख्या साधनांना ती असते.

आता खरी गंमत. या टप्प्यावर सगळं झकास चालतं. मग सर्व्हर मॅनेजरमधून रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट हा, अनेकांना एकाच वेळी आत घेणारा रोल बसवला, रीस्टार्ट केलं, की तोच प्रोग्राम रखडायला लागतो. बिघडलेलं काहीच नसतं. रोल नसलेल्या मशीनवर रिमोट सेशनला आपोआप हार्डवेअर मिळतं, पण सेशन होस्ट झालेल्या मशीनवर पॉलिसी 'नॉट कॉन्फिगर्ड' असेल तर प्रत्येक सेशनला 'मायक्रोसॉफ्ट बेसिक रेंडर ड्रायव्हर' दिला जातो. तो म्हणजे प्रोसेसरवर चालणारं डायरेक्टएक्स. चित्र अचूक काढतं, वेळ प्रोसेसरचा खातं.

इलाज ग्रुप पॉलिसीत आहे. जीपीएडिट उघडून कम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट इथवर उतरायचं. तिथे 'यूज हार्डवेअर ग्राफिक्स ॲडाप्टर्स फॉर ऑल रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस सेशन्स' ही ओळ 'एनेबल्ड' करायची. जुन्या आवृत्त्यांत तिच्या नावात 'डिफॉल्ट' हा शब्द होता, एवढाच फरक. एकाहून जास्त कार्डं असतील तर हीच पॉलिसी सेशन्स त्यांच्यात वाटूनही देते. डोमेनमध्ये असाल तर लोकल पॉलिसीवर विसंबू नका, सेशन होस्टच्या ओयूला (डोमेनमधल्या गटाला) जोडलेल्या जीपीओत (ग्रुप पॉलिसीच्या संचात) घाला, नाहीतर वरची पॉलिसी कधीतरी गुपचूप ती पुसून टाकेल. बदलानंतर जीपीअपडेट फोर्ससह चालवा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा. नुसतं लॉग ऑफ पुरत नाही असं धरून चाललेलं बरं.

त्याच फोल्डरमध्ये 'यूज डब्ल्यूडीडीएम ग्राफिक्स डिस्प्ले ड्रायव्हर फॉर रिमोट डेस्कटॉप कनेक्शन्स' अशी एक ओळ आहे. काळा पडदा येतो म्हणून ती 'डिसेबल्ड' करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तसं केलं की रिमोट डिस्प्ले जुन्या एक्सडीडीएम पद्धतीवर जातो. ग्राफिक्स कार्ड घातलेल्या मशीनवर ती मूळ स्थितीतच असू द्या. काळ्या पडद्याचं कारण बहुतेक वेळा ड्रायव्हरमध्ये सापडतं.

रोलसोबत दोन व्यवहारी गोष्टी येतात. लायसन्स सर्व्हर आणि युजर किंवा डिव्हाइसचे कॅल (वापराचे परवाने) नसतील तर १२० दिवसांच्या सवलतीनंतर लोकांना आत येणं बंद होतं. आणि प्रोग्राम रोलनंतर बसवावेत, तेही 'चेंज यूजर' कमांडनं इन्स्टॉल मोडमध्ये जाऊन. रोलआधी बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज प्रत्येक युजरला नीट मिळतीलच असं नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर आधीचा असला तरी हरकत नाही.

ओपनजीएलची (थ्रीडी चित्रं काढण्याच्या, डायरेक्टएक्सहून वेगळ्या व्यवस्थेची) गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण डायरेक्टएक्स चालू झालं म्हणून ओपनजीएल चालू झालं असं होत नाही. प्रोग्रामच्या 'अबाउट' किंवा सिस्टम माहितीच्या खिडकीत रेंडरर 'जीडीआय जेनेरिक' आणि आवृत्ती १.१ दिसली तर तो कार्डापर्यंत पोचलेलाच नाही. विंडोजमध्ये कायम पडून असलेलं ते जुनं सॉफ्टवेअर ओपनजीएल आहे. ब्लेंडर ४ ला ओपनजीएल ४.३ लागतं, त्यामुळे तो अशा सेशनमध्ये उघडतही नाही, आणि एका अर्थी ते बरंच, निदान कळतं तरी. व्यावसायिक कार्डांचा ड्रायव्हर रिमोट सेशनमध्ये ओपनजीएल देतो. जीफोर्सवर ते बंद असायचं, म्हणून लोक टीएसकॉन कमांडनं सेशन कन्सोलवर ढकलून तिथे प्रोग्राम उघडायचे आणि मग पुन्हा जोडून घ्यायचे. २०२० मध्ये एनव्हीडियानं जीफोर्ससाठी एक छोटं साधन काढलं, ते एकदा ॲडमिन म्हणून चालवलं की ही कसरत संपते.

आता एन्कोडर. कार्डानं चित्र काढलं, पण ते समोरच्या पीसीपर्यंत न्यायचं आहे. १९२० गुणिले १०८० चं एक चित्र, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला ३० चित्रं धरली तर जवळपास २५० एमबी, म्हणजे २ गिगाबिट, आणि ते एका माणसाच्या एका मॉनिटरचं. अर्थात ते दाबूनच पाठवावं लागतं. हे दाबण्याचं काम मूळ स्थितीत प्रोसेसर करतो, कार्डावर त्यासाठी स्वतंत्र एन्कोडर रिकामा बसलेला असूनही. एच.२६४ किंवा एव्हीसी ही चित्र दाबण्याची पद्धत. त्याच पॉलिसी फोल्डरमध्ये 'कॉन्फिगर एच.२६४/एव्हीसी हार्डवेअर एन्कोडिंग' चालू करून पर्याय 'ऑलवेज अटेम्प्ट' ठेवा. हार्डवेअरला जमलं नाही तर ती आपोआप सॉफ्टवेअरवर परतते, म्हणजे इथेही अपयश मुकंच.

शेजारचीच 'प्रायॉरिटाइझ एच.२६४/एव्हीसी ४४४ ग्राफिक्स मोड' चालू करावी की नाही हे कामावर ठरवा. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या चौथाई तपशिलानं जाते. चित्रपटाला ते चालतं. पांढऱ्यावर लाल किंवा काळ्यावर निळी बारीक रेघ असेल तर कडा पुसट होतात, आणि देवनागरीत तर अनुस्वार नि मात्राच जाड धुक्यात जातात. कॅडच्या काळ्या पडद्यावर रंगीत लेयर बघणाऱ्याला हे पहिल्या मिनिटात टोचतं. ४४४ मध्ये रंग पूर्ण तपशिलानं जातो. बदल्यात बँडविड्थ जास्त लागते आणि समोरचा क्लायंटही आरडीपी (रिमोट डेस्कटॉपची भाषा) १० चा हवा. ऑफिसच्या गिगाबिट जाळ्यात चालू ठेवा. घरून मोबाइलच्या इंटरनेटवर काम करणारे जास्त असतील तर आधी दोन दिवस तपासून बघा. फायरवॉलमध्ये पोर्ट ३३८९ टीसीपीसोबत यूडीपीलाही उघडा. फक्त टीसीपीवर एखादं पाकीट हरवलं की मागची सगळी खोळंबतात आणि माउस तुटक चालतो, दोष मात्र कार्डाला दिला जातो.

रिमोट डेस्कटॉपला सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा आहे. थ्रीडी मॉडेल फिरवताना ती जाणवते. रजिस्ट्रीत लोकल मशीनच्या सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टर्मिनल सर्व्हर, विनस्टेशन्स इथे 'डीडब्ल्यूएम फ्रेम इंटर्व्हल' या नावाचं, मधे जागा न सोडता सगळ्या कॅपिटल अक्षरांत, डीवर्ड (आकड्याचं) मूल्य तयार करून दशमान १५ घातलं आणि रीस्टार्ट केलं की मर्यादा ६० वर जाते. डीवर्ड तयार करताना खिडकी मुळात षोडशमानावर असते. तिथे १५ टाकलं तर ते २१ होतात. सगळ्यांसाठी ६० ठेवलं तर एन्कोडरवरचा भारही वाढतो, म्हणून आधी ३० वर तक्रार आहे का ते विचारावं. नकाशे नि ड्रॉइंगवाल्यांची सहसा नसते.

एवढं करून पुरावा कुठे बघायचा? इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, रिमोटडेस्कटॉपसर्व्हिसेस-आरडीपीकोअरटीएस, ऑपरेशनल. एखाद्यानं नव्यानं लॉग इन केल्यावर इथे दोन नोंदी शोधायच्या. क्रमांक १६२ मध्ये एव्हीसी उपलब्ध १ आणि 'इनिशियल प्रोफाइल' २०४८ असेल तर ४४४ चालू आहे. १७० मध्ये 'एव्हीसी हार्डवेअर एन्कोडर एनेबल्ड' १ असेल तर दाबण्याचं काम कार्ड करतंय. तिथे ० असेल तर पॉलिसी पोचलेली नाही किंवा ड्रायव्हर एन्कोडर देत नाही. जोडीला टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर 'थ्रीडी' आणि 'व्हिडिओ एन्कोड' हे आलेख बघा. मॉडेल फिरवलं की पहिला हलला पाहिजे, खिडकी भराभर सरकवली की दुसरा. सर्व्हर २०१६ च्या टास्क मॅनेजरमध्ये हे पानच नाही, तिथे एनव्हीडिया-एसएमआयवर भागवावं लागतं.

प्रोग्रामकडे वळलं की अपेक्षा जमिनीवर येतात. ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही कमांड दिली की हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू-बंदचं बटण आणि सापडलेल्या कार्डाचं नाव दिसतं. पॉलिसी बदलण्याआधी एकदा उघडला गेला असेल तर त्या प्रोग्राममधलं हे बटण बंद अवस्थेतच अडकून राहू शकतं, युजरगणिक तपासा. क्यूजीआयएसचा मुख्य नकाशा मात्र प्रोसेसरच रंगवतो, कार्ड कितीही भारी असो. कार्ड कामी येतं ते थ्रीडी व्ह्यूमध्ये, आणि ऑप्शन्समधल्या ॲक्सिलरेशन पानावर ओपनसीएल (गणितं कार्डावर करण्याची सोय) चालू केलं तर हिलशेड, उतार अशा काही रास्टर गणितांत. नकाशा सरकवताना अडखळतो म्हणून कार्डाची मागणी आली तर आधी वेगवान डिस्क आणि लेयरचा स्पेशियल इंडेक्स बघा. काही प्रोग्रामचे इन्स्टॉलर सर्व्हर दिसताच थांबतात. विकत घेण्याआधी निर्मात्याच्या पानावर समर्थित सिस्टमची यादी वाचणं एवढाच उपाय.

व्हिडिओशी संबंधित प्रोग्राम 'एमएफप्लॅट.डीएलएल सापडत नाही' म्हणून बंद पडला तर ती फाइल कुठल्यातरी साइटवरून उतरवू नका. सर्व्हर मॅनेजरच्या ॲड रोल्स अँड फीचर्समध्ये 'मीडिया फाउंडेशन' हे फीचर आहे, त्यावर खूण केली की काम झालं. आवाज हवा असेल तर 'विंडोज ऑडिओ' सर्व्हिस सर्व्हरवर मॅन्युअल असते, ती ऑटोमॅटिक करा. पॉवर प्लॅन सर्व्हरवरही 'बॅलन्स्ड' असतो. 'हाय परफॉर्मन्स' केल्यावर प्रोसेसरचा प्रतिसाद सुधारतो आणि ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो, कारण कार्डाला काम पुरवतो प्रोसेसरच.

जड मॉडेलवर अधूनमधून पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल तर सिस्टम लॉगमध्ये इव्हेंट ४१०१ शोधा: डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला. कार्डानं एक काम २ सेकंदांत सोडलं नाही की विंडोज ड्रायव्हरला झटका देऊन पुन्हा उभं करते. एका माणसाच्या मशीनवर ही किरकोळ बाब, सेशन होस्टवर त्या कार्डावरचे सगळे प्रोग्राम हादरतात. करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, ग्राफिक्सड्रायव्हर्स इथे 'टीडीआरडिले' डीवर्डमध्ये सेकंद वाढवता येतात. ८ किंवा १० पुरतात. ६० करू नका, मग खरोखर अडकलेलं कार्ड मिनिटभर सगळ्यांना थांबवेल.

मेमरीचा हिशेब वर आलेल्या ८.३ एमबीवरून सुरू होतो. प्रत्येक सेशनचा स्वतःचा डीडब्ल्यूएम असतो आणि तो उघड्या खिडक्यांचे पृष्ठभाग कार्डाच्या मेमरीत धरून ठेवतो. दोन मॉनिटर, पंधरा उघड्या खिडक्या असल्या की नुसत्या डेस्कटॉपचेच शेकडो एमबी होतात. फोर-के मॉनिटरवाला त्याच्या चौपट खातो. आणि लोक दुपारी जेवायला जाताना सेशन तोडतात, लॉग ऑफ करत नाहीत, त्यांची मेमरी अडकून राहते. सेशन टाइम लिमिट्सच्या पॉलिसीत तुटलेल्या सेशनला काही तासांची मुदत घालावी. एका माणसाला कार्डाची किती मेमरी द्यायची यावर सेशन होस्टमध्ये कुठलंही बंधन घालता येत नाही. कोणी एकानं मोठं रेंडर लावलं की बाकीचे रडतात. ते सेशन होस्टच्या रचनेतच आहे.

ज्यांना ही वाटणी पक्की हवी त्यांनी हायपर-व्हीकडे, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवण्याच्या सोयीकडे, जावं. तिथलं जुनं रिमोटएफएक्स व्हीजीपीयू आता विसरा. सुरक्षेच्या त्रुटींमुळे ते जुलै २०२० च्या अपडेटनं बंद केलं आणि एप्रिल २०२१ मध्ये काढूनच टाकलं. आजही त्याच्या पायऱ्या सांगणारी पानं सापडतात. सर्व्हर २०१६ पासून डिस्क्रीट डिव्हाइस असाइनमेंट आहे, त्यात अख्खं कार्ड एका व्हर्च्युअल मशीनला दिलं जातं. बायोसमध्ये आयओएमएमयू आणि एसआर-आयओव्ही (कार्ड व्हर्च्युअल मशीनला देता यावं यासाठीच्या सोयी) चालू हवं. व्हर्च्युअल मशीनची थांबण्याची कृती 'टर्न ऑफ' करावी लागते, लो मेमरी मॅप्ड जागा ३ जीबी आणि हाय ३३२८० एमबी द्यावी, हे मायक्रोसॉफ्टच्या उदाहरणातले आकडे १६ जीबीच्या कार्डाला पुरतात. त्या मशीनला मग डायनॅमिक मेमरी नाही, सेव्ह-रिस्टोअर नाही, लाइव्ह मायग्रेशन नाही. एक कार्ड अनेक मशीनना भाग पाडून देण्याची सोय सर्व्हर २०२५ मध्ये आली आहे, पण ती निवडक डेटासेंटर कार्डांवरच. ए४००० त्यात बसत नाही.

चालू झालेली घडी पुढे मोडते ती बहुतेक अपडेटच्या रात्री. विंडोज अपडेट स्वतःच ग्राफिक्स ड्रायव्हर आणून बसवतं, आणि तो तुम्ही निवडलेल्या शाखेचा असेलच असं नाही. ग्रुप पॉलिसीत विंडोज अपडेटच्या खाली 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' चालू करा. चालत असलेल्या ड्रायव्हरची इन्स्टॉलर फाइल सर्व्हरच्याच डिस्कवर जपून ठेवा, साइटवर जुनी आवृत्ती शोधण्यात वेळ जातो. आणि दर महिन्याच्या पॅचनंतर सकाळी पहिला माणूस आत आला की १७० ची नोंद उघडून बघा. तिथे ० दिसला तर बाकीचे यायच्या आत ड्रायव्हर मागे घ्यायला अर्धा तास मिळतो.